वाक्यान्तीचे अव्यय : एका नियमाची घडण

इंग्रजी वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, हा नियम शालेय व्याकरणांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविला. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट’ असे सहज विचारणाऱ्या इंग्रजी भाषकाने मात्र त्याची फारशी पर्वा केली नाही. नियम आणि बोली यांतील ही तफावत भाषेच्या प्रकृतीतून उद्भवलेली नाही; तिचे मूळ वाङ्मयीन अभिरुचीच्या इतिहासात आहे.

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला वा सर्वनामाला मागून जोडले जाते. ‘ज्याच्याविषयी’मधील ‘विषयी’ सुटून वाक्याच्या टोकाला जाऊ शकत नाही. इंग्रजीत ते स्वतंत्र शब्द म्हणून नामाआधी येते आणि नाम पुढे सरकले की मागे एकटे राहू शकते. प्राचीन इंग्रजीतील काही संबंधी उपवाक्यांतही ही रचना आढळते. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ यासारख्या कर्मणी रचनेत तर अव्ययाला दुसरी जागाच नसते.

या रचनेला दोषाचे रूप देण्यात जॉन ड्रायडन याचा वाटा मोठा आहे. १६७२ मध्ये आधीच्या पिढीच्या नाटककारांची भाषा तपासताना त्याने बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ (१६११) या नाटकातील वाक्यान्तीच्या अव्ययावर बोट ठेवले. हाच दोष आपल्याही लेखनात आढळल्याची कबुली दिली. नाट्यकाव्यावरील आपल्या १६६८ च्या निबंधाची आवृत्ती १६८४ मध्ये काढताना त्याने अशी अनेक वाक्ये बदलली. त्याच्यापुढे आदर्श होता तो लॅटिनचा. ज्या भाषेत अव्यय आपल्या पदापासून असे तुटत नाही, तिच्या मापाने इंग्रजी मोजली जात होती.

रॉबर्ट लोथ याने १७६२ च्या व्याकरणात सरसकट निषेध केला नाही. ही रचना संभाषणाला व अनौपचारिक शैलीला शोभते. गंभीर लेखनात मात्र अव्यय आधी यावे, असे त्याचे मत. हे सांगणारे त्याचे वाक्यच अशा रचनेचा नमुना आहे. १७९५ मध्ये लिंडली मरे याने तो मजकूर उचलताना अव्यय निमूटपणे आधी आणून ठेवले. पुढे शैलीचा हा विवेक लोपला आणि शुद्धाशुद्धतेचा निवाडा तेवढा उरला. १९२६ मध्ये फाउलरने या नियमाची गणना अंधश्रद्धेत केली, तरीही त्याचा धाक संपला नाही.

ड्रायडनला जे आपल्या युगाच्या सुसंस्कृततेचे गमक वाटले, ते पुढे भाषकाची पात्रता मोजण्याचे साधन ठरले. समीक्षेतील मूल्यविधान व्याकरणाचा वेष धारण करते, तेव्हा त्यामागील अभिरुची दिसेनाशी होते आणि बोलणाऱ्याची स्वाभाविक भाषाच अपराधी ठरते.