आपलंच लिखाण पुन्हा वापरलं, तर ती कॉपी का?

समजा, नववीत तुम्ही 'नदीचे आत्मवृत्त' लिहिलंत. बाईंनी लाल पेनाने चार चुका काढल्या आणि खाली 'छान' असा शेरा दिला. वर्षभराने दहावीच्या पेपरात तोच विषय आला आणि तुम्ही जुना निबंध आठवून जसाच्या तसा उतरवलात. ही कॉपी झाली का? गाईड नाही, चिठ्ठी नाही. शब्द तुमचे, पाठांतरही तुमचंच. मग चोरलं कुणाचं?

एम.एस्सी. करून मी परीक्षांच्या इतिहासाकडे वळले, तेव्हापासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शतकांत भेटत आलाय. आज त्यातले तीन मुक्काम बघू.

पहिला मुक्काम रोम. इ.स.पू. 44 चा जुलै महिना, सीझरच्या हत्येला चारच महिने झालेत. सिसेरो जहाजाने ग्रीसकडे निघालाय आणि वाटेत आपलाच 'अकॅडेमिका' हा ग्रंथ वाचतोय. तिसऱ्या भागाची प्रस्तावना वाचताना त्याच्या लक्षात आलं, की हीच प्रस्तावना आपण कीर्तीवरच्या नव्या पुस्तकालाही जोडली आहे, आणि ते पुस्तक तर अ‍ॅटिकस या मित्राकडे पोचलंय! झालं असं होतं, की सिसेरोकडे तयार प्रस्तावनांची एक वहीच होती. नवं पुस्तक लिहायला घेतलं, की त्यातली एक उचलायची. ही आधीच वापरलेली आहे, हे तो विसरला. मग त्याने नवी प्रस्तावना लिहिली आणि अ‍ॅटिकसला पत्रातून कळवलं, की जुनी कापून टाक आणि ही चिकटव. तेव्हाची पुस्तकं म्हणजे पपायरसच्या गुंडाळ्या, त्यामुळे हे अगदी शब्दशः 'कट-पेस्ट' होतं.

गंमत बघा, वही बाळगण्यात सिसेरोला काहीच गैर वाटत नव्हतं. अडचण झाली ती एकच प्रस्तावना दोनदा गेली, त्याची.

यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी याच रोममध्ये क्विंटिलियन नावाचे एक नामांकित शिक्षक होऊन गेले. वक्तृत्वाच्या शिक्षणावर त्यांनी बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्या काळी मुलं स्वतः लिहिलेलं सगळं पाठ करायची आणि ठरलेल्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची. वडीलमंडळी खूश! क्विंटिलियनना ही पद्धत बदलायची होती. त्यांचं म्हणणं असं, की मुलांनी पाठ करायचंच असेल तर उत्तम लेखकांचे वेचे करावेत. स्वतःचं म्हणून दाखवायची परवानगी क्वचित द्यावी, खरोखर चांगलं साधलं असेल तेव्हा बक्षीस म्हणून.

नेहमी येणाऱ्या विषयांवर तयार उतारे घोकून ते भाषणात पेरणाऱ्या मोठ्या वक्त्यांवर तर ते चांगलेच घसरतात. त्यांच्या तक्रारी दोन. तेच तेच उतारे ऐकणाऱ्याला ओळखू येतात, आणि उतारा प्रकरणात बसत नसला की सांधा दिसतो. आपल्याकडचा गाईच्या निबंधाचा विनोद आठवा. पेपरात नदी येते, मग पोरगा गाय नदीकाठी नेऊन बांधतो आणि गाईवरच पानभर लिहितो. क्विंटिलियनना हा विनोद लगेच कळला असता.

दुसरा मुक्काम चीन. मिंग आणि छिंग राजवटींत सरकारी अधिकारी व्हायचं तर ठरावीक साच्याचा, आठ अंगांचा निबंध लिहावा लागे. विषय मुख्यतः कन्फ्यूशियस परंपरेच्या मोजक्या ग्रंथांतून यायचे. ग्रंथ ठरलेले असले की प्रश्नांचा अंदाज बांधता येतोच. सतराव्या शतकातले विद्वान गु यानवू यांनी याचं रोखठोक वर्णन करून ठेवलंय. श्रीमंत घराणी नामवंत पंडित ठेवायची, संभाव्य विषयांवर त्यांच्याकडून निबंध लिहून घ्यायची, दर निबंधामागे पैसे मोजायची. मुलं ते पाठ करून परीक्षागृहात उतरवायची आणि बहुतेक विषय बरोबर यायचे.

इथे आपला मूळ प्रश्न अवघड होतो. उत्तरपत्रिकेवर पाठ केलेला निबंध दिसतो. तो मुलाने स्वतः आधी लिहिलेला, शिक्षकाने तीनदा सुधारून दिलेला, की विकत घेतलेला, हे परीक्षकाला कळणार कसं? परीक्षकांनी मग एक युक्ती काढली. ग्रंथातली दोन वेगवेगळी वाक्यं मध्येच तोडून त्यांचे तुकडे जोडायचे आणि तो विषय म्हणून द्यायचा. पाठांतराला आळा बसला खरा, पण विषय इतके विचित्र झाले की त्यांना अर्थ देणं हीच कसरत होऊन बसली. शेवटी 1905 मध्ये ती परीक्षापद्धतीच बंद झाली.

तिसरा मुक्काम आपल्या काळातला, ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. तिथल्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात सर्जनशील लेखनाचा प्रश्न असायचा आणि त्याचा विषय काही वर्षांसाठी आधीच जाहीर असायचा. 2015 ते 2018 या काळात तो होता 'शोध'. मग मुलांनी काय केलं असेल? वर्षभर एकच गोष्ट लिहायची, शिक्षकांकडून घासूनपुसून घ्यायची, पाठ करायची आणि पेपरातल्या चित्राला किंवा ओळीला कशीबशी जोडायची. 2019 च्या परीक्षेपासून रचना बदलली. प्रश्नाचं स्वरूप आधी ओळखता येऊ नये असं धोरण आलं. आता गोष्टीच्या जोडीला 'असं का लिहिलं' यावर चिंतनही विचारता येतं.

या तिन्ही गोष्टींतून मला दिसतं ते असं. आपलं लिखाण पुन्हा वापरण्यात चोरी नसते, मोडतं ते वाचणाऱ्याला दिलेलं वचन. प्रत्येक ठिकाणी ते वचन वेगळं असतं. नवं पुस्तक म्हणजे 'हे नवीन आहे'. शोधनिबंध म्हणजे 'हा निष्कर्ष पहिल्यांदाच मांडतोय', म्हणूनच आधी छापलेला स्वतःचा मजकूर संदर्भ न देता पुन्हा वापरणं मान्य नाही, असं यूजीसीने 2020 मध्ये जाहीर केलं. आम्हा पीएचडीवाल्यांना सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये स्वतःचीच वाक्यं रंगवलेली दिसतात ती अशी. आणि परीक्षा म्हणजे 'या प्रश्नावर मी आत्ता, इथे बसून विचार केलाय'.

पण परीक्षेतलं हे वचन एकट्या विद्यार्थ्याचं नसतं. प्रश्न काढणाराही त्यात भागीदार असतो. दरवर्षी फळा, नदी आणि वडाचं झाडच बोलणार असेल, तर मुलांनी आत्ता विचार करावा ही अपेक्षा आपणच सोडून दिलेली असते. शिवाय याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्या मुलीचा निबंध क्लासमध्ये तीन वेळा तपासला जातो, तिचं पाठांतर चकचकीत. जिच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि वह्या तपासायला बाईंना वेळ नाही, तिने पाठ करायचं काय? गु यानवूंनी वर्णन केलेली श्रीमंत घराणी आठवा.

म्हणून मुलांना माझं सांगणं, जुने निबंध जपून ठेवा आणि पुन्हा वाचा. त्यातली एखादी प्रतिमा, एखादं निरीक्षण नव्या प्रश्नात नव्याने उपयोगी पडलं, तर बिनधास्त वापरा. सगळे लेखक तेच करतात. फक्त आधी समोरचा प्रश्न वाचा. आणि पेपर काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती, यंदा नदीऐवजी मुलांच्या गावातल्या ओढ्याला उन्हाळ्यात काय वाटतं, ते विचारून बघा. उत्तर पाठ करून आलेलं कुणीच नसेल.