डोंगलचा हिरवा-निळा दिवा

मी बचत गटांची समन्वयक. दर महिन्याला मी तुमच्याशी कर्ज, व्याज, इतिवृत्त याबद्दल बोलते. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. परवा आमच्या गटाचं कपाट आवरताना जुन्या पासबुकांच्या खाली एक डोंगल सापडलं. बोटभर लांबीचं, पांढरं, टोपण हरवलेलं. आता बारावीला असलेल्या माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, हा पेन ड्राइव्ह आहे का?" मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. या बोटभर वस्तूपायी आमचा गट एकदा फुटता फुटता वाचला होता. ती गोष्ट सांगणारच आहे, पण त्याआधी डोंगल आपल्या गावांपर्यंत कसं पोचलं ते सांगते.

आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमनं ते मुंबईसह मोठ्या शहरांत सुरू केलं. घरच्या फोनच्या तारेला मोडेम नावाची डबी जोडायची आणि संगणकानं फोन लावायचा. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आज आपण मोबाइलवर पाठवतो तसा एक एमबीचा फोटो यायला तेव्हा जवळजवळ पंधरा मिनिटं लागली असती. शिवाय नेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडकलेला. आणि मुळात घरात फोन हवा! तेव्हा किती खेड्यांत, किती घरांत फोन होते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

तरी खेड्यात संगणक नेण्याची धडपड आपल्याकडे लवकर सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. उसाचं वजन, खताची नोंद, बिलाची रक्कम शेतकऱ्याला गावातच कळावी, हा हेतू. पण गावात संगणक सांभाळणं सोपं नव्हतं. वीज, दुरुस्ती, जोडणी, सगळ्याचाच खर्च. म्हणून २००६च्या सुमारास तिथल्या सात गावांत वेगळा प्रयोग झाला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते जमलं. मला या गोष्टीत पुढच्या सगळ्या इतिहासाची चाहूल दिसते. खेड्यात तार पोचायच्या आधी मोबाइलचा टॉवर पोचला. मग नेटही टॉवरवरूनच येणार होतं.

डोंगल ज्या खाचेत बसतं ती यूएसबीची खाच. तिचा पहिला नमुना जानेवारी १९९६ मध्ये ठरला. त्याआधी प्रिंटरला एक खाच, माऊसला दुसरी, मोडेमला तिसरी असा कारभार होता. यूएसबी घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या गटात पुढे होते अजय भट्ट. ते मूळचे बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मुलीच्या शाळेसाठी काही छापायचं होतं तेव्हा प्रिंटर जोडताना पत्नीची झालेली दमछाक पाहून, हे सोपं करायला हवं असं वाटलं, असं ते सांगतात. एका बाईची घरातली अडचण कुणीतरी मनावर घेतली आणि पुढे जगभरच्या संगणकांना एक खाच मिळाली, हे मला फार आवडतं.

यूएसबीच्या खाचेतून नुसती माहिती जात नाही, वीजही मिळते. त्यामुळे वेगळ्या तारेची, वेगळ्या चार्जरची गरज उरली नाही. २००६च्या सुमारास हुआवे कंपनीचं ई-२२० हे मॉडेल आलं. थ्रीजीवर चालणाऱ्या पहिल्या काही यूएसबी मोडेमांपैकी ते एक. आपल्याकडे सरकारी कंपन्यांनी आधी सुरुवात केली. एमटीएनएलनं डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि बीएसएनएलनं २००९च्या फेब्रुवारीत चेन्नईत थ्रीजी सुरू केलं. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत थ्रीजीच्या लहरींचा लिलाव चौतीस दिवस चालला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. मग खासगी कंपन्याही उतरल्या. टाटाचं फोटॉन, रिलायन्सचं नेटकनेक्ट, आयडियाचं नेटसेटर ही नावं तुम्हाला आठवत असतील. आमच्याकडे तर कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला 'नेटसेटर'च म्हणत.

आमचं गाव कराडपासून एस.टी.नं तासाभरावर. २०१२ साली तिथं नेट हवं असेल तर कराडला सायबर कॅफेत जावं लागे. निकालाची प्रत, प्रवेशाचा अर्ज, जातीच्या दाखल्याची चौकशी, काहीही असो. जाण्यायेण्याचं भाडं, कॅफेचे पैसे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. बारा जणींनी बैठकीत ठरवलं की गटानं एक जुना लॅपटॉप आणि एक डोंगल घ्यायचं. वर्गणी काढली. लॅपटॉप ठेवला सचिव वहिनींकडे, कारण बारावीपर्यंत शिकलेल्या आणि संगणकाचा कोर्स केलेल्या त्या एकट्याच होत्या.

पहिल्या दिवशी डोंगल लावलं आणि संगणकावर सीडीचं चित्र दिसलं. आम्ही चक्रावलो. सीडी तर घातलीच नव्हती! पुढे तालुक्याच्या प्रशिक्षणात कारण कळलं. संगणकाला डोंगलची ओळख नसते. म्हणून डोंगल आधी आपण सीडी असल्याचं भासवतं आणि स्वतःच्या पोटातला प्रोग्रॅम संगणकाला देतं. तो बसला की रूप बदलून मोडेम होतं. पाव्हण्यानं दारात आधी ओळख सांगावी आणि मग आत यावं, तसं. कधी कधी ते सीडीच्या रूपातच अडकून राहायचं. मग ती सीडी संगणकावरून 'इजेक्ट' करायची किंवा डोंगल काढून दुसऱ्या खाचेत लावायचं.

नंतर नंबर लावायचा *९९#. नेटला फोन नंबर कशाला, असं काकूंनी विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. मोडेमची बोली जुनी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीनं स्मार्टमोडेम आणला. त्याला हुकूम देताना आधी 'एटी' ही अक्षरं लिहायची. अर्थ, 'लक्ष दे'. त्यापुढे 'डी', म्हणजे 'नंबर लाव'. तीस वर्षांनी आमच्या गावातल्या डोंगललाही संगणक त्याच बोलीत सांगत होता, लक्ष दे, *९९# लाव. सीडीएमए प्रकारच्या डोंगलांचा नंबर वेगळा, #७७७.

आणि तिसरी गोष्ट एपीएन. म्हणजे कंपनीच्या वाड्यात कुठल्या दारानं शिरायचं त्या दाराचं नाव. प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यात एक अक्षर चुकलं की रेंज पूर्ण दिसते, दिवा लागतो, पण पान उघडत नाही. आमचे पहिले दोन दिवस यातच गेले.

आता त्या गोष्टीकडे येते. दिवाळीच्या आधी आम्ही एक जीबीचा पॅक मारला होता. महिनाभर पुरेल असा हिशोब. चौथ्या दिवशी पॅक संपला. गटात कुजबुज सुरू झाली. वहिनींचा मुलगा कॉलेजात होता, त्यानं सिनेमे पाहिले असणार. बैठकीत एकीनं ते तोंडावर विचारलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरात कुणी हात लावलेला नाही. मी दोन अर्ज भरले आणि लॅपटॉप रात्री चालू राहिला, एवढंच." कुणी मानलं नाही. मी समन्वयक, माझं वय तेव्हा पंचवीस. मी म्हणायला हवं होतं की आधी तपासू, मग बोलू. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर माझ्याही मनात शंका होती. वहिनींनी त्याच बैठकीत वही, शिक्का आणि लॅपटॉप समोर ठेवला आणि सचिवपद सोडलं. पुढचे तीन महिने त्या बैठकीला आल्या नाहीत. बचत मात्र मुलीच्या हाती वेळेवर पाठवत होत्या.

जानेवारीत प्रशिक्षणाला गेले तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी सहज सांगितलं की विंडोज स्वतःच्या सुधारणा आपल्याला न विचारता उतरवून घेतं आणि छोटे पॅक त्यातच संपतात. माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन लॅपटॉप उघडला. डोंगलच्या प्रोग्रॅममध्ये रोज किती डेटा गेला याची नोंद असते, ती पाहिली. मग विंडोजमधली सुधारणांची जुनी यादी पाहिली. तारखा जुळल्या. ज्या दोन दिवसांत पॅक गेला, त्याच दोन दिवसांत सुधारणांची लांबलचक रांग उतरली होती.

दोन्ही नोंदी मी कागदावर उतरवल्या आणि बैठकीच्या आधी वहिनींच्या घरी गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी माफी घरात नको मागूस. नाव बैठकीत घेतलं होतं." बरोबर होतं त्यांचं. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले, कागद वाचून दाखवला आणि आपण गप्प बसलो होतो हेही सांगितलं. ते इतिवृत्तात लिहिलं. ज्या काकींनी आरोप केला होता, त्याच वहिनींना हात धरून घेऊन आल्या. वहिनी पुन्हा सचिव झाल्या, पण एका अटीवर. डोंगल चालवायला आणि नोंद बघायला आणखी चौघींनी शिकायचं. ती अट आमच्या गटाची सर्वांत मोठी कमाई ठरली.

त्या चौघींसाठी वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर जे लिहिलं ते आजही आहे. एक, आधी दिवा बघा. आमच्या डोंगलवर हिरवा म्हणजे टूजी, निळा म्हणजे थ्रीजी. लुकलुकतो म्हणजे टॉवर सापडला, स्थिर झाला म्हणजे नेट जोडलं. दोन, सिम काढून फोनमध्ये घाला, बॅलन्स आणि पॅक तपासा. तीन, सिमचा पिन तीनदा चुकवू नका, सिम अडकतं. मग पीयूके कंपनीकडून घ्या, अंदाजानं टाकत बसू नका. चार, नेट सारखं तुटत असेल तर खाच बदला. यूएसबीच्या साध्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर इतकीच वीज मिळते, आणि रेंज कमी असली की डोंगलला जास्त लागते. पाच, एपीएन आणि नंबर अक्षर-अक्षर ताडून पाहा. सहा, यूएसबीची लांब तार घेऊन डोंगल खिडकीत टांगा, लॅपटॉप आत राहू दे. सात, सुधारणा आपोआप उतरणं बंद करून ठेवा आणि महिन्यातून एकदा कराडला गेल्यावर करून घ्या. आठ, रोजच्या डेटाचा आकडा वहीत लिहा.

पुढचा इतिहास वेगानं घडला. १५ मार्च २०१५ ला नाबार्डनं बचत गटांच्या नोंदी संगणकावर आणणारा ई-शक्ती प्रकल्प दोन जिल्ह्यांत सुरू केला, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फोनच हॉटस्पॉट होऊन डोंगलचं काम करू लागला. सीडीएमए सेवा बंद पडल्या, तसे ते डोंगल निव्वळ प्लॅस्टिक झाले. २०१९ मध्ये एअरटेलनं कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला घेतलं. तुमच्या घरी जुनं डोंगल असेल, तर फेकण्याआधी बघा ते कुठल्या पिढीचं आहे. फोरजीचं असेल तर मुलांच्या अभ्यासाला अजून कामाला येईल.

आज गटाचं सगळं काम मोबाइलवर चालतं. पण पैसे कापले गेले, अंगठा जुळला नाही, नोंद दिसत नाही, की पहिला संशय अजूनही यंत्र हाताळणाऱ्या बाईवरच येतो. तेव्हा एवढंच करा. आधी नोंद उघडा, तारखा जुळवा, मग बोला. आणि यंत्राची किल्ली एकीच्याच हाती ठेवू नका, पाच जणींना शिकवा.

ते डोंगल मी कपाटात परत ठेवलं आहे, त्या वर्षीच्या इतिवृत्ताच्या वहीशेजारी. भाचीला दोन्ही दाखवलं. पुढच्या महिन्यात भेटू. नमस्कार.