तीस वर्षं डब्यात पडलेलं कोकण

दारव्ह्यात लग्नाच्या वरातीपुढे चालणारा बँड जरा नीट बघा. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठा ड्रम, साइड ड्रम, झांजा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीपुढे आणि प्रेतयात्रेपुढे जे बँड वाजत, त्यांच्या हातातही साधारण हीच वाद्यं होती. दोन्हींचं मूळ पलटणीच्या बँडमध्ये. तिकडे त्यातून जॅझ निघालं. इकडे नवरदेवाचे मित्र फर्माईश करतात आणि बँडवाला ती पुरी करतो. ‘तुमची स्वतःची एखादी चाल वाजवा की,’ असं त्याला कुणी म्हटल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

जॅझ मुंबईत आलं तेही फर्माईशीच्याच वाटेनं. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्टर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून आणखी आले. त्यांच्या जोडीला आणि पुढे त्यांच्या जागी उभे राहिले ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. पोटासाठी मुंबई गाठली की ती विद्या कामाला येई. हॉटेलात नाचणाऱ्या साहेब-मडमांना, पारशी शेठना, संस्थानिकांना अमेरिकेत गाजत असलेली धून जशीच्या तशी हवी असायची. अल्दोन्याचे आंतोनियो शावियेर वाझ ट्रम्पेट अशी वाजवत, की लोक त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. हे कौतुकच होतं, पण उसन्या नावाचं. वाझ यांचं खरं नाव आज फार कुणाला माहीत नाही, ‘चिक चॉकलेट’ म्हटलं की जुने लोक ओळखतात.

१९४९च्या दारूबंदी कायद्यानं मुंबईतल्या रात्री सुकत गेल्या, तशी ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत अधिकाधिक दिसू लागली. १९५१चा ‘अलबेला’ यूट्यूबवर आहे. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यात जो धुमाकूळ घातला, त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण बहुतेक वेळा हे वादक पडद्यामागेच राहिले. संगीतकार चाल गुणगुणणार, गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवून वीस-तीस वाद्यांमध्ये वाटणार, वादक वाजवून दिवसाचे पैसे घेऊन घरी जाणार. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केलेलं काम आज जाणकार डोक्यावर घेतात. तेव्हा रेकॉर्डच्या वेष्टणावर नाव असायचं ते संगीतकाराचं.

स्वतःचं काही करू पाहणारेही होतेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. त्यांच्या वाट्याला कीर्ती आली ती १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी बांधलेल्या गाण्यातून, आणि ते गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा माणूस आहे याचा पत्ताच नव्हता.

अमान्सियो डिसिल्व्हा याच मुंबईत १९३६ साली एका गोवेकर घरात जन्मले. वाद्य गिटार. जॅझ बँडमध्ये गिटार म्हणजे एकेकाळी ताल धरून मागे बसणारं वाद्य. १९३९ नंतर चार्ली ख्रिश्चन यांनी अ‍ॅम्प्लिफायर लावून ते ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीनं पुढे आणलं. ती वाट डिसिल्व्हांनी धरली. साठच्या दशकात बाहेरचे बडे वादक भारतात येत होते आणि परत जाऊन भारतावर रेकॉर्ड काढत होते. ड्यूक एलिंग्टन १९६३मध्ये येऊन गेले, आणि त्यांच्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये दिल्लीचा पक्षी आला, आग्रा आलं. इथल्या माणसानं इथल्याबद्दल बांधलेलं जॅझ रेकॉर्ड करायला मात्र इथे फारसं कुणी बसलेलं नव्हतं. १९६७च्या सुमारास डिसिल्व्हा लंडनला गेले.

तिथली हवा तोवर बदलली होती. त्याचं कारण थोडं तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखं आहे. चाळीसच्या दशकातल्या बीबॉप जॅझमध्ये कॉर्ड इतक्या भराभर बदलत, की रागाला तिथे पाय टेकायला जागा नव्हती. रागाला षड्ज लागतो, आणि तो जागचा हलून चालत नाही. १९५९मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’नं वेगळा रस्ता उघडला: एकच स्वरसप्तक धरा आणि त्यावर हवा तेवढा वेळ रेंगाळा. हे म्हणजे आपल्या ओळखीचं घर. १९६६ साली लंडनमध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचे व्हायोलिनवादक जॉन मेयर यांनी ‘इंडो-जॅझ स्वीट’ काढली. तिच्यावर तबला केशव साठे यांचा आणि तंबोरा चंद्रहास पैगणकर यांचा. साठे पुढे इंग्लंडच्या लोकसंगीतवाल्यांबरोबरही वाजवत राहिले. मराठी संगीतसमीक्षेनं त्यांची फारशी दखल घेतल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि ही गोष्ट मला खटकते.

१९६९ साली डिसिल्व्हांचा ‘इंटिग्रेशन’ आला. सोबतीला डॉन रेंडेल, इयन कार यांच्यासारखे ब्रिटिश जॅझमधले पहिल्या फळीचे लोक. रचनांची नावं ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महारानी’. नावं वाचून पर्यटन खात्याचं पोस्टर डोळ्यांपुढे येतं खरं. वाजवणं तसं नाही. सतारीचे पडदे उंच आणि वक्र, तिथे तार आडवी खेचून चार-पाच सुरांची मींड निघते. गिटारचे पडदे बुटके आणि जागीच ठोकलेले, तिथे तार खेचून जेमतेम एक-दोन सूर मिळतात. डिसिल्व्हा गिटारला सतार बनवायच्या भानगडीत पडत नाहीत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जसा आहे तसा ठेवून ओळ मात्र आपल्या वळणाची काढतात. त्या काळात सतारीची फॅशन होती, त्यामुळे हा संयम अधिकच जाणवतो.

त्याच वर्षी ‘हम दोनो’. देव आनंदच्या सिनेमाला आठ वर्षं झाली होती, पण या दोघांना तेच नाव शोभतं. एक जमैकाचा, एक मुंबईचा. दोघंही ब्रिटिशांच्या जुन्या वसाहतींतून त्यांच्याच राजधानीत आलेले. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना आवाज त्यात आलापासारखा फिरतो. एका रचनेचं नाव ‘बॅलड फॉर गोवा’. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटून तेव्हा आठच वर्षं झाली होती. हॅरियट पुढे चारच वर्षांनी, १९७३च्या जानेवारीत, हलाखीत वारले.

या रेकॉर्डिंगमागचा माणूस डेनिस प्रेस्टन. त्यांचा स्टुडिओ लॅन्सडाउन, लंडनच्या हॉलंड पार्क भागात. त्यांची पद्धत अशी, की रेकॉर्डिंग स्वतःच्या खर्चानं करायचं आणि तयार टेप ईएमआयसारख्या कंपनीला द्यायची. वादकाला यात मोकळीक मिळे, कारण स्टुडिओत कंपनीचा साहेब येऊन बसत नसे. पण कंपनीनं टेप घेतली नाही तर ती कपाटातच राही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डिसिल्व्हांनी तिथेच नवं काम रेकॉर्ड केलं. सॅक्सोफोनवर रेंडेल, सतारीवर क्लेम अ‍ॅलफर्ड, आणि रचना डिसिल्व्हांच्या. नाव ‘कोकण डान्स’. आता जयपूर नाही, गंगा नाही, महारानीही नाही. थेट आपला मुलूख. माझ्या मते ‘इंटिग्रेशन’पेक्षा यात ते अधिक निर्धास्त आहेत, पाहुण्यांना घर दाखवण्याची घाई संपलेली आहे. आणि नेमकी हीच रेकॉर्ड बाहेर आली नाही. एव्हाना रॉक आणि इलेक्ट्रिक फ्यूजननं बाजार व्यापला होता. प्रेस्टन १९७९मध्ये गेले. डिसिल्व्हा १९९६मध्ये, साठाव्या वर्षी, लंडनमध्येच वारले. ‘कोकण डान्स’ लोकांच्या हाती पडली २००६ साली.

आज हे सगळं फोनवर ऐकता येतं. सुरुवात ‘कोकण डान्स’पासून करा, इअरफोन लावून, कारण सतार आणि गिटार कुठे वेगळी होतात ते फोनच्या स्पीकरवर कळत नाही. मग मागे ‘हम दोनो’कडे जा. शोधताना फक्त ‘हम दोनो’ टाकलंत तर देव आनंद येतो, हॅरियटचं नाव जोडावं लागतं.