शेअर केलेल्या डिझाइन फाइल्सचे ‘सिंक’ का बिघडते? कारणे, तपासणी आणि उपाय

चतुर्थीपूर्वीचे आठवडे, नाट्यमहोत्सवांचा हंगाम किंवा एखाद्या संस्थेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष आले की छपाईच्या कामांना जोर चढतो. मजकूर पणजीत टंकलिखित होतो, मांडणी फोंड्यात होते, मुद्रितशोधन डिचोलीत आणि छपाई म्हापशात. पूर्वी पेनड्राइव्ह घेऊन बसने जाणारा मुलगा ही सगळी ठिकाणे जोडत असे. आता ते काम गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरील एखादे शेअर केलेले फोल्डर करते.

ही सोय जोवर सुरळीत चालते तोवर कोणाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. बिघाड झाला की मात्र नुकसान थेट कागदावर उतरते. मुद्रितशोधकाने केलेल्या दुरुस्त्या एका संगणकावर अडकून राहतात, छपाई दुसऱ्याच प्रतीवरून होते आणि देणगीदाराचे चुकलेले नाव स्मरणिकेच्या प्रत्येक प्रतीत तसेच छापले जाते. असा प्रसंग टाळण्यासाठी सिंक म्हणजे नेमके काय, ते कुठे अडते आणि अडल्यावर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सिंक काय करते आणि काय करत नाही

सिंक म्हणजे जुळवणी. संगणकावरील फोल्डरमध्ये बदल झाला की तो बदल क्लाउडवर पोहोचवणे आणि तेथून इतर संगणकांवर उतरवणे, एवढेच हे काम. गुगल डॉक्ससारख्या सेवेत दोघेजण एकाच परिच्छेदात एकाच वेळी लिहू शकतात, कारण तेथे मूळ दस्तऐवज एकच असतो व तो सेवेच्या सर्व्हरवर असतो. फोटोशॉप, इनडिझाइन किंवा कोरलड्रॉच्या फाइलचे तसे नसते. तेथे प्रत्येकजण आपल्या संगणकावरील स्वतंत्र प्रत उघडतो. क्लाउड सेवेला त्या फाइलमधील पान, थर किंवा ओळ कळत नाही. तिच्या दृष्टीने ती एक बंद पेटी असते. दोन पेट्यांतील बदल एकत्र करून तिसरी पेटी तयार करणे तिला शक्य नसते.

बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. सिंक फाइलची ने-आण करते, पण एका वेळी एकानेच काम करावे यासाठी राखण करत नाही. शिवाय ते सुरक्षित प्रतीचीही जागा घेऊ शकत नाही, कारण एका संगणकावर चुकून पुसलेली फाइल ते तितक्याच तत्परतेने सर्वांच्या संगणकांवरून पुसते.

पहिले पाऊल : दुरुस्तीपूर्वी प्रती वाचवाव्यात

सिंक अडल्याचा संदेश दिसताच अनेकजण ॲप बंद करतात, खात्यातून बाहेर पडतात किंवा ॲप काढून पुन्हा बसवतात. हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. क्लाउडवर अजून न पोहोचलेले बदल केवळ त्या एका संगणकावर असतात. गुगल ड्राइव्हच्या ‘स्ट्रीम’ पद्धतीत तर ते ॲपच्या तात्पुरत्या साठ्यात असतात. खाते तोडले तर तो साठाच नष्ट होण्याची भीती असते.

म्हणून सर्वप्रथम फाइलवर काम करणाऱ्या सर्वांना फोन करून थांबायला सांगावे. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या संगणकावरील फाइलची प्रत सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. प्रतीच्या नावात व्यक्तीचे नाव व वेळ लिहावी. येथे ‘कॉपी’ करावी, ‘मूव्ह’ करू नये. शेअर केलेल्या फोल्डरमधून फाइल बाहेर ओढली की ती इतरांच्या फोल्डरमधूनही नाहीशी होऊ शकते.

बिघाड कोणाकडे आहे?

प्रती सुरक्षित झाल्यावर ब्राउझरमधून त्या सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन तीच फाइल पाहावी. फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ या दोन गोष्टी पुरेशा असतात. संकेतस्थळावर नवी फाइल दिसत असेल, तर पाठवणाऱ्याचे काम झाले आहे आणि अडथळा घेणाऱ्याच्या संगणकावर आहे. संकेतस्थळावरही जुनीच फाइल असेल, तर बदल पाठवणाऱ्याकडून निघालेलेच नाहीत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण तिच्यामुळे निम्मा शोध वाचतो.

पाठवणाऱ्याकडे अडथळा असल्यास जागा, वेळ आणि उघडी फाइल या तीन गोष्टी पाहाव्यात.

जागा संपली की अपलोड थांबते. विनामूल्य खात्यात गुगल १५ जीबी जागा देते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो यांत वाटली जाते. वनड्राइव्ह ५ जीबी, तर ड्रॉपबॉक्स २ जीबी देते. शेअर केलेल्या फोल्डरचा हिशेबही निराळा असतो. गुगल ड्राइव्हमध्ये फाइल ज्याच्या मालकीची, त्याच्या खात्यातून जागा जाते. ड्रॉपबॉक्समध्ये मात्र शेअर केलेले फोल्डर प्रत्येक सदस्याच्या जागेत मोजले जाते. त्यामुळे मालकाकडे भरपूर जागा असूनही सदस्याकडे सिंक थांबू शकते.

वेळेचा हिशेब साधा आहे. ६०० एमबीची फाइल सेकंदाला १० मेगाबिट अपलोड गतीने पाठवायला किमान ८ मिनिटे लागतात. अपलोडची गती डाउनलोडपेक्षा कमी असणारी जोडणी असेल, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालले असेल, तर त्याहून कितीतरी अधिक. ‘सेव्ह’ करून लगेच लॅपटॉप मिटवला तर बदल तेथेच राहतात. ॲपच्या चिन्हावर काम पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत संगणक बंद करू नये.

फाइल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असेल तर सिंक ॲपला ती वाचता किंवा बदलता येत नाही, असेही घडते. फाइल सेव्ह करून बंद केली की अडथळा बहुधा दूर होतो.

घेणाऱ्याकडे अडथळा असल्यास फाइल खरोखर संगणकावर उतरली आहे का, हे पाहावे. वनड्राइव्हमध्ये ढगाचे चिन्ह असलेली फाइल केवळ नावापुरती संगणकावर असते, मजकूर क्लाउडवरच असतो. हिरवी खूण आली की ती उतरलेली असते. छापखान्यात ऐनवेळी इंटरनेट गेले तर ढगाच्या चिन्हाची फाइल उघडत नाही. म्हणून चालू कामाच्या फोल्डरसाठी ‘नेहमी या संगणकावर ठेवा’ हा पर्याय निवडावा.

एकाच फाइलच्या दोन प्रती

दोघांनी एकाच वेळी काम केले की सेवेपुढे पेच पडतो. ड्रॉपबॉक्स अशा वेळी दुसरी प्रत ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ या शब्दांसह, व्यक्तीचे नाव व तारीख जोडून ठेवते. वनड्राइव्ह फाइलच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडते. गुगल ड्राइव्हवर तर एकाच फोल्डरमध्ये अगदी एकाच नावाच्या दोन फाइल्स राहू शकतात. अशी जादा प्रत कचरा समजून पुसू नये. कोणाचे तरी काही तासांचे काम तिच्यातच असते.

दोन्ही प्रती उघडून प्रत्येकीची पीडीएफ काढावी आणि पानागणिक ताडून पाहावी. ज्या प्रतीत अधिक काम झाले आहे ती मूळ धरावी व दुसरीतील बदल तिच्यात आणावेत. इनडिझाइनमध्ये एका दस्तऐवजातील पाने दुसऱ्यात हलवता येतात, फोटोशॉपमध्ये थर दुसऱ्या फाइलमध्ये नेता येतो, कोरलड्रॉमध्ये निवडलेला भाग कॉपी करून चिकटवता येतो. एकत्रित प्रतीला नवे नाव द्यावे आणि जुन्या दोन्ही प्रती काम छापून होईपर्यंत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

कुलूप फाइलीचा घोटाळा

इनडिझाइन दस्तऐवज उघडला की त्याच फोल्डरमध्ये ‘आयडीएलके’ प्रकारची एक छोटी कुलूप फाइल तयार होते. कार्यालयातील सामायिक सर्व्हरवर सर्वजण एकच डिस्क पाहत असल्याने दुसऱ्याने तो दस्तऐवज उघडू पाहिला तर हे कुलूप त्याला अडवते. क्लाउडवर ते उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. उलट, वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला तर कुलूप मागे राहते आणि कोणीही काम करत नसताना ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश येतो. फाइल कोणाकडेही उघडी नाही याची सर्वांकडून खात्री करून घेतल्यावरच ती कुलूप फाइल पुसावी.

फाइलच्या नावातील अडचणी

मॅकवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा तारका चालते, विंडोजवर चालत नाही. कोलन, तिरपी रेष, उभी रेष, अवतरणचिन्ह आणि कोनी कंस हेही विंडोजला वर्ज्य आहेत. ‘मुखपृष्ठ अंतिम?’ अशा नावाची फाइल मॅकवरून क्लाउडवर गेली तरी विंडोज संगणकावर जशीच्या तशी उतरत नाही. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा पूर्णविरामही असाच त्रास देतो.

लांबीचीही मर्यादा आहे. विंडोजवरील अनेक प्रोग्रॅम फोल्डरांच्या साखळीसह २६० अक्षरांपलीकडचा पत्ता हाताळू शकत नाहीत. संस्थेचे नाव, वर्ष, विभाग, उपविभाग, ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशी फोल्डरे एकात एक वाढत गेली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

देवनागरी नावांत एक खास अडचण आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात एकाहून अधिक पद्धतींनी साठवता येतो. तो स्वतंत्र ‘ऱ’ अक्षर म्हणून असू शकतो, र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांत असू शकतो, किंवा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा रूपात असू शकतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी नावे ठरू शकतात. मॅकची जुनी फाइल व्यवस्था अशी अक्षरे सुटी करून साठवत असे. परिणामी ‘दुसऱ्या पानाची जाहिरात’ या नावाच्या हुबेहूब दिसणाऱ्या दोन फाइल्स फोल्डरमध्ये अवतरतात, किंवा असलेली फाइल ‘सापडत नाही’. मजकूर मराठीतच असावा. फाइलचे नाव मात्र रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांपुरतेच ठेवावे.

सिंकचे वाटणारे, पण सिंकचे नसलेले दोष

काही बिघाडांचा ठपका क्लाउडवर विनाकारण ठेवला जातो. दस्तऐवजातील चित्रे हरवलेली दिसतात, कारण इनडिझाइनमध्ये चित्रे बहुधा फाइलच्या आत नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. दुसऱ्या संगणकावर तो पत्ता बदलतो. यासाठी फाइल पाठवण्यापूर्वी ‘पॅकेज’ ही आज्ञा वापरावी. ती दस्तऐवज, चित्रे आणि शक्य ते फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करते.

मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली, तर फाइल बिघडली असे लगेच मानू नये. श्री-लिपीसारख्या प्रणालीतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काम झाले असेल आणि तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल, तर नेमके असेच दिसते. तसेच, कोरलड्रॉच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ती जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा जतन करून घ्यावी लागते.

जुनी प्रत परत कशी मिळवावी?

चांगल्या प्रतीवर चुकीची प्रत चढली, तरी सर्व संपले असे नसते. संकेतस्थळावर फाइलचा आवृत्ती-इतिहास पाहता येतो. ड्रॉपबॉक्सच्या विनामूल्य खात्यात मागील ३० दिवसांच्या आवृत्त्या मिळतात. गुगल ड्राइव्ह अशा फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवते. महत्त्वाची आवृत्ती ‘कायम ठेवा’ अशी नोंदवता येते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. जुनी आवृत्ती थेट पूर्ववत करण्याऐवजी आधी वेगळी डाउनलोड करून उघडून पाहावी.

फाइल उघडतच नसेल तर तिचा आकार पाहावा. शून्य किंवा संशयास्पदरीत्या लहान आकार म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल. ती पुन्हा डाउनलोड करावी. कोरलड्रॉच्या फाइलबाबत त्याच फोल्डरमध्ये ‘बॅकअप ऑफ’ या शब्दांनी सुरू होणारी प्रत आहे का, हे शोधावे. इनडिझाइनची फाइल उघडते पण वारंवार बंद पडते, अशा वेळी ती आयडीएमएल स्वरूपात काढून पुन्हा उघडल्यास अनेकदा दोष निघून जातो.

कामाची शिस्त

या सर्व उपायांपेक्षा चार साध्या सवयी अधिक उपयोगी पडतात.

१. एका वेळी फाइल एकाच्याच हाती असावी. ‘फाइल घेतली’, ‘फाइल सोडली’ एवढे दोन शब्द गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकले तरी बहुतेक पेच टळतात.

२. काम संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर करावे आणि टप्पा पूर्ण झाला की फाइल बंद करून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करावी.

३. नावात ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ असे शब्द न वापरता तारीख व क्रमांक द्यावा. मोठे काम असल्यास पुस्तिकेचे विभाग वेगळ्या फाइल्समध्ये ठेवावेत, म्हणजे दोघांना एकाच वेळी काम करता येते.

४. दिवसाअखेर एक प्रत क्लाउडच्या बाहेर, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवावी.

छपाईचा आदेश देताना शेअर केलेल्या फोल्डरचा दुवा पाठवून ‘त्यातली शेवटची फाइल घ्या’ असे कधीही सांगू नये. मंजूर झालेल्या प्रतीची पीडीएफ काढावी, तिच्या फाइलचे नाव व पानांची संख्या छापखान्याला लेखी कळवावी आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी तेथून एक छापील प्रत मागवून ती तपासावी. क्लाउडवरील चूक आवृत्ती-इतिहासातून मागे घेता येते, छापलेला कागद मात्र मागे घेता येत नाही.