मोहल्ल्यावर ड्रोन : कमिटीच्या हातात काय?

लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन शेजाऱ्यांच्या छतांवरूनही फिरतो. वलगावसारख्या दाट वस्तीत घरच्या महिलांना ते खटकतं. मग मोहल्ला कमिटी किंवा सोसायटी बंदी घालू शकते का?

नाही. आकाशाचे नियम केंद्र सरकार ठरवतं. मात्र आपल्या आवारातून, छतावरून ड्रोन उडवू न देणं आपल्या हातात आहे.

‘ड्रोन नियम, 2021’ नुसार ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही; नोंदणी क्रमांक मात्र हवाच. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली. चालू विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट असते.

दगड मारून ड्रोन पाडू नका. तो कुणाच्या डोक्यात पडेल आणि नुकसानीची तक्रार आपल्यावरच होईल. वेळ लिहा, व्हिडिओ काढा, 112 वर कळवा. महिलेचं खासगी स्थितीतलं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षं कैद. पोलीस अधीक्षक 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोनही जाहीर करू शकतात.

आणि आपल्याच घरी निकाह असेल, तर ड्रोनची वेळ शेजाऱ्यांना आधी सांगू या.