काचेवर उतरलेला घाट

वाराणसीच्या संकठा देवीच्या नावाने ओळखला जाणारा संकठा घाट, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट यांच्या दरम्यान, म्हणजे मराठी सत्तांनी काशीत उभारलेल्या दगडी किनाऱ्याच्या ऐन मध्यावर आहे. १८६३ मध्ये भारतात आलेल्या सॅम्युएल बोर्न याने त्याच दशकात या नदीकाठाची छायाचित्रे घेतली, तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे आणि ओली असतानाच प्रकाशित करून लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. प्रकाशनास बहुधा काही सेकंद लागत असल्याने पायऱ्या आणि शिखरे रेखीव उमटत, मात्र स्नान करणारे, नावाडी आणि वाहते पाणी पुसट होत असे. त्यामुळे या चित्रांत माणसांचे जीवन तुटकपणे दिसत असले, तरी भाराने खचलेल्या शिंदे घाटासारख्या वास्तूंच्या अभ्यासासाठी ती अनमोल पुरावा ठरतात आणि म्हणूनच त्यांचे काळजीपूर्वक जतन होणे अत्यावश्यक आहे.