चाकीला ऊब आली

आम्हा गोंयकारांना बेळगाव परके नाही. लग्नाचा बस्ता, भाजी, कुंदा, कुठल्या ना कुठल्या निमित्ताने चोर्ला घाट चढणे होतेच. निपाणी मात्र माझ्यासाठी पुण्याच्या रात्रीच्या बसमधून दिसणारी एक पाटी होती. ती ओळख बदलली एका जुन्या, कृष्णधवल माहितीपटाने. नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’, साल 1982, लांबी जेमतेम 25 मिनिटे.

निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न उभा राहिला, हे आपण जाणतोच. पण इथे आणखी एक लढा होता. तंबाखूच्या वखारींत चाळण्या-कुटण्याचे काम बायका करत. नाकातोंडात धूळ, मजुरी तुटपुंजी. या बायका संघटित झाल्या. त्याच सुमारास तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले आणि 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले.

अशा गावात बंगळूरहून ‘युगांतर’ हा गट आला. 1980 साली स्थापन झालेला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा सांभाळणारे नवरोझ कॉन्ट्रॅक्टर. नवरोझ यांनी मणि कौल यांचा ‘दुविधा’ (1973) चित्रित केला होता, म्हणजे हात तयार होता. पण कामगार बायकांसोबत सिनेमा कसा करायचा, हे शिकवणारी शाळा कुठे होती? पहिला धडा त्यांनी 1981 साली पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांवरच्या ‘मोलकरीण’मध्ये गिरवला. दुसरा निपाणीत.

इथे ते चार महिने राहिले. बायकांचे ऐकले, संघटनेच्या चर्चांत बसले. काय दाखवायचे आणि कसे, हे बायकांनी सांगितले. होऊन गेलेल्या संपाचे प्रसंग त्यांनी स्वतः पुन्हा उभे केले. निवेदनही त्यांच्याच बोलण्यातून घडले, मराठीत.

तेव्हा 16 मिलिमीटरची फिल्म असे. 400 फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपणार, आणि काय टिपले ते रसायनशाळेतून धुऊन आल्यावरच कळणार. म्हणून बटण दाबण्याआधी प्रसंग नीट समजलेला असणे भाग होते. मला वाटते, चार महिन्यांच्या ऐकण्याने त्यांना हेच दिले. पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, याच गटाने हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर घरातल्या हिंसेवर तेलुगू कथापट केला. निपाणीत प्रसंग पुन्हा उभे करण्याचा जो सराव झाला, तो तिथे उपयोगी पडला असावा.

हे सगळे मला इतके का भिडले, तेही सांगतो. कॉलेजात असताना आम्ही चार मित्रांनी उसना व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावच्या मिठागरावर एक फिल्म केली होती. निवेदन आधीच लिहून काढले, मग त्याला जुळतील अशी दृश्ये दोन दिवसांत गोळा केली. सूर्यास्त छान आला होता. देवळाच्या मांडवात दाखवली तेव्हा मीठ ओढणारी एक आजी म्हणाली, “पूण आमचें काम खंय आसा हातूंत?” आम्ही हसण्यावारी नेले. तिला विचारून केली असती तर आज आमच्या त्या मिठागराची खरी नोंद हाती असती. आता तिथे मीठ पिकत नाही, आणि ती आजीही नाही.

‘युगांतर’चे चित्रपट बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने डिजिटल रूपात जपले. नवरोझ 2023 मध्ये गेले. दीपा धनराज पुढे ‘समथिंग लाइक अ वॉर’ (1991) सारखे मोठे माहितीपट करत्या झाल्या.

‘चाकी’ म्हणजे रचून ठेवलेला तंबाखू. त्याला ऊब यायला दिवस द्यावे लागतात. हातात कॅमेरा असलेल्या आपल्या मुलांना मी आता एवढेच सांगतो, आधी चार दिवस नुसते बसून या.